दर्शनाचे मोजमाप आणि आशयाचा निवाडा : प्रौढ आशयाच्या श्रेणीकरणाची चिकित्सा

सारांश : चित्रपट व संगणकीय माध्यमांतील लैंगिक आशयाचे वयानुसार श्रेणीकरण करणाऱ्या व्यवस्था प्रायः 'किती दाखविले' या प्रश्नाचे उत्तर शोधतात. 'कशासाठी व कोणत्या परिणामासाठी दाखविले' हा प्रश्न त्यांच्या कार्यपद्धतीत दुय्यम ठरतो. याउलट, संदर्भाला प्राधान्य देणारी व्यवस्था निवाडा करणाऱ्याच्या पूर्वग्रहाला वाव देते. प्रस्तुत लेखात अमेरिका, ब्रिटन व भारत येथील व्यवस्थांचा तौलनिक विचार करून, संस्कृत काव्यशास्त्रातील अश्लीलविचार आणि मराठी साहित्याशी संबंधित न्यायालयीन निर्णय यांच्या आधारे या पेचाची चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : श्रेणीकरण, प्रमाणन, अश्लीलता, औचित्य, अभिव्यक्तिस्वातंत्र्य.

१. प्रस्तावना

नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यात भरलेल्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या 'इंडियन पॅनोरमा' विभागातून रवी जाधव दिग्दर्शित 'न्यूड' हा मराठी चित्रपट वगळण्यात आला. परीक्षक मंडळाने निवडलेला चित्रपट मंत्रालयाच्या पातळीवर वगळला गेल्यामुळे मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने हाच चित्रपट एकही दृश्य न कापता 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी या श्रेणीत प्रमाणित केला. पोटासाठी मुंबईत आलेली, मुलाला शिकवू पाहणारी आणि त्यासाठी कलामहाविद्यालयात चित्रकारांसमोर विवस्त्र बसण्याचे काम पत्करणारी स्त्री हा या चित्रपटाचा विषय आहे. त्यात शरीर अनावृत आहे. परंतु त्या अनावृततेचा संबंध शृंगाराशी नसून श्रमाशी, दारिद्र्याशी आणि कलाभ्यासाशी आहे.

एकाच कलाकृतीविषयी दोन शासकीय यंत्रणांनी अल्पकाळात परस्परांहून इतके भिन्न वर्तन का करावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रशासकीय गोंधळात शोधणे पुरेसे नाही. त्याच्या मुळाशी एक सैद्धांतिक अडचण आहे. शरीराचे दर्शन मोजता येते. त्या दर्शनाचा अर्थ मोजता येत नाही, तो लावावा लागतो. श्रेणीकरणाच्या सर्व व्यवस्था मोजणे आणि अर्थ लावणे या दोन क्रियांच्या मध्ये कोठेतरी उभ्या असतात. त्यांचे स्थान नेमके कोठे आहे आणि ते कोठे असावे, याचा विचार या लेखात अभिप्रेत आहे.

२. सेन्सॉर, प्रमाणन आणि श्रेणीकरण

या विषयाची चर्चा करताना तीन संज्ञांची सरमिसळ होते. सेन्सॉरिंग म्हणजे आशयाचा काही भाग किंवा संपूर्ण आशय रोखणे. प्रमाणन म्हणजे आशय प्रदर्शनयोग्य असल्याचा अधिकृत दाखला देणे. श्रेणीकरण म्हणजे आशयाला हात न लावता तो कोणत्या वयाच्या प्रेक्षकासाठी योग्य आहे हे सांगणे. पहिल्या क्रियेत आशय बदलतो, तिसऱ्या क्रियेत प्रेक्षक बदलतो. हा भेद मूलभूत आहे.

भारतात १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे सेन्सॉर मंडळे कार्यरत झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दुरुस्तीने 'यू' व 'ए' अशा दोन श्रेणी आल्या, १९५१ मध्ये केंद्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९५२ चा कायदा लागू झाला. जून १९८३ मध्ये मंडळाच्या नावातील 'सेन्सॉर' हा शब्द जाऊन 'प्रमाणन' हा शब्द आला. त्याच वेळी 'यूए' आणि विशिष्ट व्यावसायिक प्रेक्षकांसाठी 'एस' या श्रेणींची भर पडली. तथापि, मराठी बोलण्यात आजही 'सेन्सॉर बोर्ड' हेच नाव रूढ आहे. ही केवळ सवय मानता येत नाही. कायद्याच्या चौथ्या कलमाने दृश्ये कापण्याचा वा बदलण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंडळाकडे ठेवला आहे. नाव बदलले, कात्री तशीच राहिली. लोकभाषेने ही विसंगती अचूक टिपली आहे.

३. काव्यशास्त्रातील अश्लीलविचार

अश्लीलतेचे वर्गीकरण ही केवळ आधुनिक वा पाश्चात्त्य कल्पना आहे, असा समज आढळतो. वस्तुतः वामनाने 'काव्यालंकारसूत्रवृत्ती'मध्ये अश्लीलत्व या दोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्रीडा म्हणजे लज्जा उत्पन्न करणारा, जुगुप्सा उत्पन्न करणारा आणि अमंगलाची सूचना देणारा. या वर्गीकरणाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा आधार वर्ण्य वस्तूचे प्रमाण हा नसून रसिकाच्या मनावरील परिणाम हा आहे. किती उघड बोलले गेले, यापेक्षा ऐकणाऱ्याच्या ठायी कोणती वृत्ती जागी झाली, हे येथे महत्त्वाचे ठरते.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात याच्याही पुढे जाऊन असे प्रतिपादिले आहे की, विशिष्ट प्रसंगी अश्लीलत्व हा दोष राहत नाही, तो गुणही होऊ शकतो. प्रणयगोष्टीच्या प्रसंगी, तसेच वैराग्याच्या कथेत देहाविषयी किळस उत्पन्न करावयाची असताना, उघड शब्द उचित ठरतो. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त देवतांच्या संभोगवर्णनाचा प्रश्न चर्चिला आहे. कालिदासासारख्या कवीची प्रतिभाशक्ती अनौचित्याला झाकून टाकते, असे त्याचे निरीक्षण आहे. म्हणजे दोष अनित्य आहे. संदर्भ, वक्ता आणि रस यांच्यानुसार त्याचे स्वरूप पालटते.

या विवेचनाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ते प्रामुख्याने शब्दाविषयी आहे, दृश्याविषयी नाही. ते सहृदय रसिकाला गृहीत धरते, तिकीट काढून चित्रपटगृहात बसलेल्या सर्व वयांच्या जनसमूहाला नव्हे. वयोगटाची चिंता त्यात नाही. असे असले तरी दर्शन आणि परिणाम या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे तत्त्व त्यातून निर्विवादपणे हाती लागते आणि आधुनिक श्रेणीव्यवस्थांच्या परीक्षणाला ते उपयुक्त ठरते.

४. शिडीचे तत्त्व : मोजमापाचा आदर्श

दर्शनाचे शुद्ध मोजमाप करण्याचा सर्वांत व्यवस्थित प्रयत्न संगणकीय माध्यमाच्या आरंभकाळात झाला. अमेरिकेत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रिक्रिएशनल सॉफ्टवेअर अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल या संस्थेने प्रथम संगणकीय खेळांसाठी आणि १९९६ पासून इंटरनेटवरील आशयासाठी एक श्रेणीपद्धती सिद्ध केली. तीत हिंसा, नग्नता, लैंगिकता आणि भाषा असे चार विभाग असून प्रत्येकात शून्य ते चार अशा पायऱ्या होत्या. नग्नतेच्या विभागात काहीच नाही येथपासून आरंभ होऊन अंग दाखविणारा पोशाख, अंशतः नग्नता, संपूर्ण दर्शनी नग्नता आणि चौथ्या पायरीवर उद्दीपक पद्धतीने केलेले नग्नतेचे प्रदर्शन असा क्रम होता. लैंगिकतेच्या विभागात निरागस चुंबनापासून प्रत्यक्ष समागमाच्या उघड दृश्यापर्यंत अशीच चढण होती.

या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. आशय निर्माण करणाऱ्याने स्वतः प्रश्नावली भरावयाची, तीतील प्रश्न वस्तुनिष्ठ असावयाचे आणि कोणती पायरी आपल्या घरात येऊ द्यावी हे पालकाने ठरवावयाचे, अशी तिची रचना होती. तीत नीतीचा न्यायाधीश नव्हता. ती काहीही रोखत नव्हती. ती केवळ वर्णन करीत होती. वर्णन आणि निर्णय यांची फारकत हा या पद्धतीचा सर्वांत मोलाचा विचार होय.

परंतु तिची उणीवही याच वस्तुनिष्ठतेतून उद्भवली. अभिजात शिल्पाचे छायाचित्र, स्तनांच्या कर्करोगाची तपासणी समजावणारे चित्र आणि पुरुषांच्या मासिकातील छायाचित्र ही तिन्ही शेजारशेजारच्या पायऱ्यांवर येऊन बसू लागली. वृत्तसंस्थांची अडचण याहून बिकट होती. युद्धाची वा बलात्काराच्या खटल्याची बातमी प्रामाणिकपणे मोजली तर ती वरच्या पायरीवर जाते आणि घरोघरच्या चाळणीत अडकते. बातम्यांना वेगळे चिन्ह देण्याची कल्पना १९९७ मध्ये पुढे आली. परंतु बातमी कोणती आणि बातमी नव्हे ते कोणते, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा या प्रश्नापाशी ती थांबली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या उत्तराधिकारी संस्थेने आपल्या पद्धतीत कलात्मक, शैक्षणिक आणि वैद्यकीय संदर्भ नोंदविण्याची सोय केली. मोजमापाची शुद्ध शिडी अखेर संदर्भाचा टेकू घेतल्यावाचून उभी राहू शकली नाही, हा या प्रयोगाचा अर्थ होय.

मोजमाप यांत्रिक झाले की काय होते, याचे टोकाचे उदाहरण जपानमध्ये दिसते. तेथील दंडसंहितेच्या १७५ व्या कलमाच्या धाकाने प्रौढांसाठीच्या चित्रफितींमध्येही जननेंद्रियांवर अस्पष्ट चौकटी टाकल्या जातात. त्या चौकटीखाली क्रूरतेचे वा बळजबरीचे दृश्य असले तरी चौकट आपले काम करून मोकळी होते. अवयव झाकला गेला, अर्थ मात्र उघडाच राहिला.

५. अमेरिका आणि ब्रिटन : दोन भिन्न मार्ग

अमेरिकेतील चित्रपटव्यवसायाने १ नोव्हेंबर १९६८ पासून 'जी', 'एम', 'आर' आणि 'एक्स' अशी स्वयंनियमनाची व्यवस्था स्वीकारली. त्यांपैकी 'एक्स' या अक्षराची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली नव्हती. परिणामी ते कोणालाही वापरता येऊ लागले. ज्या श्रेणीत 'मिडनाइट काउबॉय'सारखा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळविणारा चित्रपट होता, तिचे अक्षर उत्तान चित्रपटांच्या निर्मात्यांनी जाहिरातीसाठी उचलले आणि तिप्पट करून मिरविले. गंभीर प्रौढ चित्रपटाची जागाच त्यामुळे नष्ट झाली. १९९० मध्ये 'एनसी-१७' ही नवी श्रेणी आणून ती परत मिळविण्याचा प्रयत्न झाला, 'हेन्री अँड जून' हा त्या श्रेणीतील पहिला चित्रपट ठरला. परंतु चित्रपटगृहे व जाहिरातदार यांनी नव्या श्रेणीकडेही जुन्याच नजरेने पाहिले. यातून एक गोष्ट सिद्ध होते : श्रेणी ही केवळ माहिती राहत नाही, बाजारात तिला किंमत प्राप्त होते आणि त्या किमतीनुसार कलाकृती स्वतःला कापून घेते.

अमेरिकन व्यवस्थेवरील दुसरा आक्षेप तिच्या मोजणीच्या स्वरूपाविषयी आहे. 'पीजी-१३' या, १९८४ मध्ये आलेल्या, श्रेणीत एक विशिष्ट लैंगिक शिवी सामान्यतः एकदाच आणि तीही लैंगिक अर्थाने न वापरता चालते. ती अधिक वेळा आली की चित्रपट 'आर' श्रेणीकडे झुकतो. येथे भाषेचा विचार संख्येवर येऊन ठेपतो. २००६ मध्ये कर्बी डिक यांनी 'धिस फिल्म इज नॉट येट रेटेड' या माहितीपटात या व्यवस्थेतील गोपनीयतेवर तसेच हिंसेविषयीची सैलता आणि लैंगिकतेविषयीची कठोरता या विषमतेवर बोट ठेवले. २०१० च्या 'ब्लू व्हॅलेंटाइन' या चित्रपटाला आधी 'एनसी-१७' श्रेणी मिळाली आणि अपिलानंतर एकही दृश्य न कापता ती 'आर' झाली. दृश्य तेच, वय वेगळे. मोजमाप खरोखर वस्तुनिष्ठ असते तर हे घडले नसते.

ब्रिटनची वाटचाल याहून निराळी आहे. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मंडळासाठी टी. पी. ओकॉनर यांनी १९१६ मध्ये दृश्ये वगळण्याची ४३ कारणे नोंदविली होती. म्हणजे आरंभ निषेधांच्या यादीनेच झाला. १९८४ मध्ये मंडळाच्या नावातील 'सेन्सॉर' जाऊन 'वर्गीकरण' हा शब्द आला. १९८२ पासून '१८' आणि 'आर१८' अशा दोन प्रौढ श्रेणी तेथे आहेत. दुसऱ्या श्रेणीतील चित्रफिती केवळ परवानाधारक दुकानांत विकता येतात. या दोन श्रेणींमधील सीमारेषा विशेष अभ्यसनीय आहे. ज्या कृतीचा मुख्य हेतू लैंगिक उद्दीपन हा आहे, तिला 'सेक्स वर्क' असे वेगळे स्थान दिले जाते. मायकेल विंटरबॉटम यांच्या २००४ च्या 'नाइन साँग्स' या चित्रपटात खरा समागम दाखविला असूनही त्याला न कापता '१८' श्रेणी मिळाली. कारण मंडळाच्या मते एका नात्याचा आलेख हा त्याचा विषय होता. तेवढेच उघड दृश्य दुसऱ्या हेतूने आले असते तर ते परवान्याच्या दुकानात गेले असते. ब्रिटिश व्यवस्थेने प्रमाणापेक्षा प्रयोजनाला महत्त्व दिले आणि आपली मार्गदर्शक तत्त्वे लोकमत अजमावून वेळोवेळी प्रसिद्ध करण्याची प्रथा पाडली. संदर्भाचा विचार आणि त्या विचाराची जाहीर मांडणी या दोन गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत.

६. भारतीय मार्गदर्शक तत्त्वे आणि न्यायालयीन विचार

भारतात ६ डिसेंबर १९९१ रोजी जारी झालेली मार्गदर्शक तत्त्वे दीर्घकाळ प्रमाणनाचा आधार होती. त्यांत कलात्मक अभिव्यक्तीला अकारण बाधा येऊ नये आणि प्रमाणन सामाजिक परिवर्तनाशी सुसंगत असावे, असे उद्दिष्ट होते. चित्रपटाचा विचार समग्र परिणामाच्या दृष्टीने करावा, असेही त्यांत म्हटले होते. त्याच तत्त्वांमध्ये असभ्यता, अश्लीलता वा हीनता यांमुळे मानवी संवेदना दुखावल्या जाऊ नयेत, द्व्यर्थी शब्द नसावेत, अशी कलमेही होती. समग्र परिणाम हा संदर्भाचा निकष आहे. शब्द वा दृश्य वगळणे हा तुकड्यांचा निकष आहे. एकाच मसुद्यात हे दोन्ही निकष शेजारी ठेवल्याने परीक्षकाला आपल्या मनाप्रमाणे कोणताही एक निवडण्याची मुभा मिळाली.

न्यायालयांनी हा पेच सोडविण्याचा प्रयत्न अनेकदा केला आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'चार शहर एक कहानी' या लघुपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून निर्माण झालेल्या वादात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले. पण त्याच वेळी लैंगिकता व अश्लीलता हे समानार्थी शब्द नव्हेत, असेही स्पष्ट केले. समाजातील सर्वांत दुर्बल वा विकृत मनाला प्रमाण मानून निरोगी मनाच्या प्रेक्षकाने काय पाहावे हे ठरवू नये, ही त्या निकालातील भूमिका वयाधारित श्रेणीकरणाचा खरा सैद्धांतिक आधार आहे. १८६८ च्या हिक्लिन कसोटीने आणि तिचा स्वीकार करणाऱ्या १९६४ च्या रणजित उदेशी खटल्याच्या निकालाने वाचकाला एकच मानले होते. श्रेणीकरण वाचक अनेक आहेत, हे मान्य करते.

मराठी साहित्याचा या विचारप्रवाहाशी निकटचा संबंध आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली होती. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय, स्पष्ट चर्चा आणि अश्लीलता यांतील भेद न्यायालयाला त्या वेळी दिसला नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेविषयी मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले, परंतु १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अश्लीलतेची कल्पना समाजाच्या तत्कालीन नीतिकल्पनांनुसार बदलते आणि लैंगिकतेचा केवळ उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका एका मराठी कथेच्या निमित्ताने देशाच्या न्यायशास्त्रात दृढ झाली. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकाचा परिनिरीक्षण मंडळाशी झालेला संघर्षही उच्च न्यायालयात गेला. कमलाकर सारंग यांच्या 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात त्याची हकीकत आली आहे.

या सर्व निर्णयांत शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन' (१९९४) या चित्रपटाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निर्णय सैद्धांतिकदृष्ट्या सर्वाधिक महत्त्वाचा मानावा लागतो. अत्याचारित स्त्रीची गावासमोर विवस्त्र धिंड हे त्यातील सर्वांत वादग्रस्त दृश्य. दर्शनाच्या शिडीवर हे दृश्य संपूर्ण दर्शनी नग्नतेचे आहे. न्यायालयाने मात्र ते दृश्य वासना जागवीत नाही, तर अत्याचाऱ्यांविषयी संताप व पीडितेविषयी करुणा जागविते, असा निष्कर्ष काढून 'ए' प्रमाणपत्र कायम केले. काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, न्यायालयाने आलंबन पाहून न थांबता निष्पन्न होणारा रस पाहिला. वामनाच्या वर्गीकरणातील व्रीडा आणि जुगुप्सा यांचा भेद येथे वेगळ्या भाषेत अवतरला. ही भेटगाठ बहुधा अजाणता झालेली असली तरी ती अर्थपूर्ण आहे.

७. संदर्भनिष्ठतेतील धोका

वरील विवेचनावरून संदर्भनिष्ठ निवाडा श्रेष्ठ आणि मोजमाप कनिष्ठ, असा सोपा निष्कर्ष निघू शकेल. तो घाईचा ठरेल. संदर्भ कोण वाचतो, यावर सारे अवलंबून असते.

अलंकृता श्रीवास्तव यांच्या 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' या चित्रपटाला २०१७ च्या आरंभी मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. नकाराच्या पत्रात, चित्रपट स्त्रीकेंद्री असून त्यात स्त्रियांच्या कल्पनाविश्वाला अवाजवी स्थान दिल्याचा आशय होता. नंतर अपील न्यायाधिकरणाने त्याला 'ए' प्रमाणपत्र दिले. येथे आक्षेप दर्शनाच्या प्रमाणाला नव्हता, तर इच्छा कोणाची आहे याला होता. पुरुषाच्या नजरेतून रचलेली उत्तान नृत्यगीते 'यूए' श्रेणीत निर्वेधपणे जात असताना स्त्रीची स्वतःची इच्छा मात्र प्रमाणपत्रालाही अपात्र ठरावी, हा संदर्भवाचनाचाच परिणाम होय. अशा वेळी नुसती शिडी अधिक न्याय्य ठरली असती. तिने दृश्य मोजले असते आणि इच्छेच्या मालकीकडे पाहिले नसते.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेविषयीच्या २०१५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या मुखी असभ्य शब्द घातले असता समकालीन सामाजिक मापदंडाची कसोटी अधिक कठोरपणे लावावी, अशी भूमिका घेतली. येथेही शब्दांचे प्रमाण निर्णायक नव्हते. वक्ता निर्णायक होता. वक्त्याचा विचार मम्मटानेही केला होता, परंतु दोषाला गुणत्व देण्यासाठी. येथे तोच विचार दोष वाढविण्यासाठी आला. म्हणजे संदर्भ हे दुधारी शस्त्र आहे. मोजमाप आंधळे असते आणि म्हणून पुष्कळदा निःपक्षपाती असते. संदर्भवाचन डोळस असते आणि म्हणूनच पक्षपाती होऊ शकते.

८. नव्या पायऱ्या, जुने प्रश्न

श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये मंडळाने केवळ प्रमाणन करावे, काटछाट करू नये आणि 'यूए' श्रेणीचे उपविभाग करावेत, अशी शिफारस केली. त्याच वर्षी 'उडता पंजाब' या चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, मंडळाने सुचविलेले बहुतांश बदल अमान्य करून एकाच कापासह चित्रपटाचा मार्ग मोकळा केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जारी झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी इंटरनेटवरून प्रसारित होणाऱ्या चित्रपट व मालिकांसाठी 'यू', 'यूए ७+', 'यूए १३+', 'यूए १६+' आणि 'ए' अशा पाच पायऱ्या ठरविल्या आणि वर्गीकरणाची जबाबदारी प्रथमतः प्रसारकावरच टाकली. हिंसा, नग्नता, लैंगिकता, भाषा, अमली पदार्थ इत्यादी बाबींचे वर्णन आरंभी दर्शविण्याचे बंधनही त्यांत आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चित्रपटगृहांसाठीही 'यूए' श्रेणीचे तेच तीन वयोगट स्वीकारले.

या बदलांचे स्वागत केले पाहिजे. तथापि त्यातून तीन विसंगती उद्भवतात. पहिली म्हणजे 'यूए' श्रेणीचे वयोगट पालकांच्या मार्गदर्शनापुरते आहेत, केवळ 'ए' श्रेणीच बंधनकारक आहे. त्यामुळे सोळा आणि अठरा यांमधील अंतर दोन वर्षांचे दिसत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते सल्ला आणि मनाई यांमधील अंतर आहे. दुसरी विसंगती माध्यमांमधील आहे. तोच आशय घरच्या पडद्यावर प्रसारकाच्या स्वयंवर्गीकरणाने अखंड पोहोचतो आणि चित्रपटगृहात मंडळाच्या कात्रीखालून जातो. तिसरी विसंगती अपिलाची आहे. ज्या न्यायाधिकरणाने 'बँडिट क्वीन' व 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' यांना 'ए' प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा करून दिला, ते एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. मोठ्या निर्मितिसंस्थेला हा मार्ग परवडेल. प्रादेशिक भाषेतील अल्पभांडवली निर्मात्याला तो परवडणे कठीण आहे.

श्रेणीच्या बाजारमूल्याचा प्रश्नही भारतात तीव्र आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतील एका महाविद्यालयीन प्राध्यापिकेच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवर केवळ 'यू' व 'यूए' चित्रपट दाखविण्याचे बंधन घातले. मुलांच्या हिताचा हा हेतू योग्यच होता. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, दूरचित्रवाणीच्या हक्कांसाठी निर्माते 'ए' श्रेणी टाळू लागले आणि त्यासाठी स्वतःहून दृश्ये कापू लागले. श्रेणी ही जेव्हा उत्पन्नाची अट होते, तेव्हा तिला वेगळ्या कात्रीची गरज उरत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दर्शनाचे प्रमाण आणि आशयाचा परिणाम या स्वतंत्र बाबी आहेत. पहिली मोजता येते, दुसरीचा अर्थ लावावा लागतो. श्रेणीव्यवस्थांचे बहुतेक दोष या दोहोंना एकच मानल्यामुळे निर्माण झाले आहेत.

२) वर्णन आणि निर्णय यांची फारकत आवश्यक आहे. दृश्यात काय आहे, हे वस्तुनिष्ठ शिडीने सांगावे. ते कोणत्या वयासाठी योग्य, हे संदर्भाच्या आधारे ठरवावे. पहिल्या कामात मत नसावे, दुसऱ्या कामात कारण असावे.

३) संदर्भनिष्ठ निर्णय पूर्वग्रहापासून सुरक्षित ठेवण्याचा एकच मार्ग दिसतो, तो म्हणजे लेखी व जाहीर कारणमीमांसा. नाकारणाऱ्या पत्रातील एक वाक्य लोकांसमोर आले, म्हणूनच 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' प्रकरणातील पूर्वग्रह उघडा पडला. जी कारणे लोकांसमोर येत नाहीत, त्यांतील पूर्वग्रह तपासता येत नाहीत.

४) जी व्यवस्था वयही ठरविते आणि कापही सुचविते, ती श्रेणीकरणाच्या मूलतत्त्वाशी विसंगत आहे. प्रेक्षक निवडल्यानंतर आशय कापण्याचे प्रयोजन उरत नाही.

५) अल्प खर्चाचा आणि त्वरित निर्णय देणारा अपिलाचा टप्पा पुन्हा अस्तित्वात येणे प्रादेशिक चित्रपटांच्या दृष्टीने निकडीचे आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही या प्रश्नाला महत्त्व आहे. अभ्यासक्रमात कोणती कथा, कोणते नाटक असावे, याविषयीचे वाद बहुधा एखाद्या उताऱ्यावर बोट ठेवूनच सुरू होतात. उतारा मोजला जातो, कृती वाचली जात नाही. वर्गात बसलेला विद्यार्थी अठरा वर्षांचा आहे, मतदार आहे आणि 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला कायद्याने पात्र आहे. चित्रपटगृहाच्या दारात ज्याला प्रौढ मानले जाते, त्याला पाठ्यपुस्तकासमोर अल्पवयीन का मानावे, याचे उत्तर अभ्यासमंडळांनी द्यावयास हवे.